लेझर आहे का, हे विचारण्याआधी खडा कसा आहे ते विचारा

मुतखड्याचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक पेशंट पहिला प्रश्न एकच विचारतात, "डॉक्टर, लेझरने होईल ना?" खडा केवढा आहे, कुठे आहे, किडनीला सूज आहे का, हे प्रश्न नंतर येतात. काही वेळा येतच नाहीत. यात पेशंटचा दोष नाही. रस्त्यावरच्या फलकापासून मोबाइलवरच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे यंत्राचंच नाव मोठ्या अक्षरात असतं. 'अत्याधुनिक लेझर', 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया', 'एका दिवसात घरी'. खड्याबद्दल त्या फलकावर काही नसतं, कारण प्रत्येकाचा खडा वेगळा असतो आणि फलक सगळ्यांसाठी एकच असतो.

मी फॅमिली डॉक्टर आहे. खडे फोडण्याचं काम युरॉलॉजिस्टचं. माझ्याकडे दुर्बीणही नाही आणि लेझरही नाही. पण दोन ठिकाणचे दोन वेगळे सल्ले आणि खर्चाचे दोन वेगळे कागद घेऊन माणसं माझ्यासमोर बसतात आणि "आता काय करू?" असं विचारतात. त्यांना मी जे सांगतो तेच आज जरा सविस्तर लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुतखड्याच्या उपचारात खडा मुख्य आहे, यंत्र दुय्यम आहे. खड्याचा आकार, त्याची जागा, त्याचा कठीणपणा आणि तुमच्या किडनीची अवस्था या चार गोष्टींवरून यंत्र ठरायला हवं. यंत्र आधी ठरवून खडा त्यात बसवायला गेलं तर खर्च वाढतो, एकाऐवजी दोन-तीनदा भूल घ्यावी लागते, आणि ज्या खड्याला हात लावायची गरजच नव्हती त्यालाही हात लागतो.

खडा आहे कुठे?

किडनीत लघवी तयार होते. ती आतल्या छोट्या कप्प्यांतून किडनीच्या मधल्या पोकळीत जमा होते आणि तिथून मूत्रवाहिनीवाटे मूत्राशयात उतरते. मूत्रवाहिनी म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर लांबीची, आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंदीची नळी. तीत तीन जागा जास्त अरुंद असतात. पहिली किडनीतून निघतानाची, दुसरी ओटीपोटात मोठ्या रक्तवाहिनीवरून जातानाची आणि तिसरी मूत्राशयात शिरतानाची. खडा अडकतो तो बहुधा या तीन ठिकाणी, आणि सगळ्यात जास्त शेवटच्या.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. कळ खड्याच्या आकारामुळे येत नाही, लघवी तुंबल्यामुळे येते. म्हणून मूत्रवाहिनीत अडकलेला ५ मिलिमीटरचा खडा माणसाला गडाबडा लोळायला लावतो. उलट किडनीत फांद्या फुटलेल्या शिंगासारखा वाढलेला भलामोठा खडा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि हळूहळू किडनी निकामी करू शकतो. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हे जितकं चूक, तितकंच 'फार दुखतंय म्हणजे मोठा खडा' हेही चूक.

खडा फोडणं वेगळं आणि काढणं वेगळं

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. प्रत्येक उपचारात दोन कामं असतात. एक, खड्यापर्यंत पोचून तो फोडायचा. दुसरं, झालेले तुकडे शरीराबाहेर न्यायचे. 'लेझर' हा फक्त फोडण्याचा प्रकार आहे. खड्यापर्यंत कसं पोचायचं आणि तुकडे कसे बाहेर येणार, याचं उत्तर त्या शब्दात नाही.

पोचण्याचे मार्ग मुख्यतः तीन. शरीराबाहेरून, लघवीच्या नैसर्गिक वाटेने, किंवा पाठीतून छोटं छिद्र पाडून. एकेक पाहू.

बाहेरून धक्के देऊन फोडणं

याला 'लिथोट्रिप्सी' म्हणतात. बरेच लोक यालाच लेझर समजतात, पण यात लेझरचा काही संबंध नाही. यात ध्वनीसारख्या दाबाच्या लहरी असतात.

या यंत्राचा जन्म विमानाच्या कारखान्यात झाला. जर्मनीतली डॉर्नियर ही विमानं बनवणारी कंपनी. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले तर धातूवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास तिथे चालला होता. त्यातून आघातलहरींचं जे ज्ञान मिळालं ते पुढे मुतखड्यासाठी वापरलं गेलं. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये डॉ. ख्रिश्चन शॉसी यांनी पहिल्यांदा माणसाच्या किडनीतला खडा अशा पद्धतीने फोडला. सुरुवातीच्या यंत्रात पेशंटला भूल देऊन पाण्याच्या टबात बसवावं लागे. आता टब गेला. पाण्याने भरलेली एक मऊ उशी कुशीला टेकवतात.

तत्त्व सोपं आहे. वाटीसारख्या आरशाने लहरी एका बिंदूवर एकवटतात. पाणी आणि आपले मऊ अवयव यांतून त्या फारशा न अडता जातात, आणि कठीण खडा लागला की तिथे आपली ताकद सोडतात. असे दोन-तीन हजार धक्के दिले की खडा भुगा होतो. घाईने दिलेल्या धक्क्यांपेक्षा मिनिटाला साठच्या आसपास, सावकाश दिलेले धक्के खडा चांगला फोडतात. तेव्हा 'इथे फार वेळ लावतात' ही तक्रार असेल तर तो बहुधा चांगलेपणा समजावा.

यात छेद नाही आणि बऱ्याचदा पूर्ण भूलही नाही. पण इथे तुकडे बाहेर न्यायचं काम यंत्र करत नाही, तुमची मूत्रवाहिनी करते. म्हणून खडा मोठा असेल तर तुकड्यांची रांगच नळीत अडकते. जर्मन डॉक्टरांनी या रांगेला 'दगडी रस्ता' असंच नाव दिलं आहे. किडनीच्या तळाच्या कप्प्यातला खडा फुटतो, पण भुगा चढ चढून बाहेर यायला तयार नसतो. खडा फार कठीण असेल, म्हणजे सीटी स्कॅनवर त्याची घनता १००० हाउन्सफील्ड युनिटच्या वर असेल, तर तो नीट फुटत नाही. पेशंट खूप स्थूल असेल तर लहरी खड्यापर्यंत पुरेशा जोराने पोचत नाहीत. गरोदरपणात, रक्त गोठण्याचा दोष असताना, लघवीत जंतुसंसर्ग असताना किंवा खड्याच्या खाली वाट अडलेली असताना हा उपचार करायचाच नसतो.

हल्ली या यंत्राला जुनं म्हणून बाजूला सारायची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. किडनीतला १ सेंटिमीटरच्या आतला, मऊसर, वरच्या किंवा मधल्या कप्प्यातला खडा असेल, तर आजही शरीरात काहीही न घालता होणारा हा उपचार विचारात घ्यायलाच हवा. लहान मुलांत तर तुकडे मोठ्यांपेक्षा सहज उतरतात.

लघवीच्या वाटेने दुर्बीण

मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यासाठी लघवीच्या वाटेने बारीक, ताठ दुर्बीण आत नेतात. कुठेही कापावं लागत नाही. खडा लहान असेल तर चिमट्याने किंवा तारेच्या बारीक टोपलीत धरून अख्खा बाहेर काढतात. मोठा असेल तर आधी फोडावा लागतो.

फोडायला मुख्यतः दोन साधनं आहेत. एक हवेच्या दाबावर चालणारं. त्याच्या दांड्यात धातूची गोळी हवेच्या दाबाने पुढेमागे आपटते आणि टोकाशी असलेली सळई खड्यावर ठकठक करते. रस्ता फोडायचा ब्रेकर पाहिला असेल, तसंच हे, फक्त अगदी इवलंसं. दुसरं साधन लेझर. यात केसापेक्षा थोड्याच जाड काचेच्या तंतूतून प्रकाशाचे झटके खड्यावर सोडतात. तंतूचं टोक खड्याला जवळजवळ टेकवावं लागतं. बाहेरून प्रकाश टाकला आणि खडा विरघळला, असं काही होत नाही. जास्त वापरात असलेलं होल्मियम लेझर पाण्यात पटकन शोषलं जातं, त्याचा परिणाम अर्ध्या मिलिमीटरच्या आतच संपतो आणि म्हणून ते आजूबाजूच्या अवयवांना सुरक्षित ठरतं. अलीकडे थुलियम फायबर लेझर आलं आहे. ते खड्याची आणखी बारीक पूड करतं.

आता 'बिनटाक्याची लेझर शस्त्रक्रिया' या शब्दांकडे पुन्हा पाहा. टाका लागत नाही तो दुर्बीण नैसर्गिक वाटेने जाते म्हणून. त्याच वाटेने हवेच्या यंत्राने खडा फोडला तरी टाका लागत नाही. लेझरचे फायदे खरे आहेत. खडा मागे किडनीकडे ढकलला जाण्याची शक्यता कमी होते, तुकडे बारीक होतात, कोणत्याही कठीणपणाचा खडा फुटतो. पण मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेला ७-८ मिलिमीटरचा खडा दोन्ही साधनांनी चांगला निघतो. सरकारी रुग्णालयात हवेचं यंत्र आहे आणि हात सराईत आहे, तर केवळ लेझर नाही म्हणून दागिने गहाण टाकून दुसरीकडे जाण्याचं कारण नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तसं करणारी माणसं आहेत.

लवचीक दुर्बीण

ताठ दुर्बीण किडनीच्या कप्प्यांत वळू शकत नाही. त्यासाठी सुमारे ३ मिलिमीटर जाडीची लवचीक दुर्बीण असते. तिचं टोक जवळजवळ पूर्ण मागे वळतं आणि कप्प्या-कप्प्यांत डोकावतं. हिच्यातून जाईल असं फोडण्याचं साधन म्हणजे लेझरचा तंतू. ब्रेकरसारखी ताठ सळई इथे चालत नाही. म्हणजे इथे मात्र लेझरला पर्याय नाही.

किडनीतल्या साधारण २ सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या थांबवता येत नाहीत किंवा बाहेरून धक्क्यांनी खडा फुटला नाही, अशा पेशंटसाठी तर फारच उपयोगी. पण त्याच्या मर्यादाही ऐका. मूत्रवाहिनी अरुंद असेल तर पहिल्या वेळी दुर्बीण वर जातच नाही. मग स्टेंट टाकून एक-दोन आठवडे थांबावं लागतं. आत पाणी सोडत काम चालतं, त्याचा दाब वाढला किंवा वेळ फार लागला तर लघवीतले जंतू रक्तात शिरून गंभीर आजार होऊ शकतो. आणि ३ सेंटिमीटरचा खडा या वाटेने काढायचा तर दोन-तीन बैठका लागू शकतात. 'छिद्रसुद्धा पाडणार नाही' हे ऐकायला गोड आहे, पण तीनदा भूल आणि तीनदा बिल हाही त्या गोडव्याचाच भाग आहे.

पाठीतून छोटं छिद्र

१९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि जोहानसन यांनी पाठीतून सुईने किडनीपर्यंत वाट करून खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी किडनीतला खडा म्हणजे कुशीत वीतभर छेद. घरातल्या जुन्या माणसांपैकी कुणाच्या तरी कुशीवर तो व्रण तुम्ही पाहिला असेल.

आज ही वाट सुमारे १ सेंटिमीटर रुंदीची असते, आणि 'मिनी' प्रकारात ५ ते ७ मिलिमीटरची. तिच्यातून जाड साधनं आत नेता येतात. काही यंत्रं खडा फोडता फोडताच भुगा ओढून घेतात. म्हणजे फोडणं आणि काढणं दोन्ही एकाच वेळी होतं. म्हणून २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांसाठी आणि शिंगासारख्या पसरलेल्या खड्यांसाठी आजही हाच पहिला पर्याय मानला जातो. या वाटेला आणखी बारीक करण्याच्या कामात आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या नडियाद इथल्या डॉ. महेश देसाई यांच्यासारख्या भारतीय युरॉलॉजिस्टचा मोठा वाटा आहे.

धोका आहेच. किडनी हा रक्ताने भरलेला अवयव आहे, त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो, काही पेशंटना रक्त द्यावं लागतं. दोन-चार दिवस दवाखान्यात राहावं लागतं. पण मोठ्या खड्याच्या पेशंटने 'छिद्र नको, लेझरच करा' असा हट्ट धरला आणि तो पुरवला गेला, तर नुकसान त्याचंच आहे.

तीन माणसं, तीन उत्तरं

समजा, तिघांचे रिपोर्ट माझ्यासमोर आहेत.

पहिला तीस वर्षांचा टेम्पोचालक. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला ४ मिलिमीटरचा खडा. ताप नाही, वेदनाशामकाने कळ आटोक्यात आहे, दोन्ही किडन्यांचं काम चांगलं आहे. याला कोणतंही यंत्र नको. असे खडे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपले आपण पडतात. खडा ५ मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा असेल तर मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी मदत करते. मात्र अट एकच, पुन्हा सोनोग्राफी करायचीच. कारण कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. खडा तिथेच राहून किडनी मुकाट्याने फुगत राहते, असंही होतं. चार ते सहा आठवड्यांच्या पुढे वाट पाहू नये.

दुसऱ्या पन्नाशीच्या बाई. किडनीत दीड सेंटिमीटरचा खडा, पण साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, सीटीवर घनता कमी, आणि लघवी सतत आम्लधर्मी. हा युरिक अ‍ॅसिडचा खडा असण्याची शक्यता मोठी. वाट अडलेली नसेल तर असा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतो. औषधाने विरघळणारा एवढाच एक नेहमी भेटणारा खडा, आणि नेमका तोच घाईत लेझरखाली जातो.

तिसरे साठीचे गृहस्थ, मधुमेही. मूत्रवाहिनीत खडा, किडनीला सूज, आणि थंडी वाजून ताप. इथे एक तासही दवडायचा नाही. पण त्या क्षणी खडा फोडायचाही नाही. तुंबलेली, पू झालेली लघवी आधी बाहेर काढायची, मूत्रवाहिनीत स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून. जंतुसंसर्ग आटोक्यात आला की मग खडा. 'इतके पैसे घेतले आणि खडा आतच ठेवला' अशी तक्रार करत भांडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्या डॉक्टरांनी खडा ठेवला म्हणूनच माणूस वाचला होता.

तिघांनाही मुतखडाच. तिघांपैकी कुणालाही आज लेझर नको.

आणि ज्याला खडाच नाही तोही या रांगेत सापडतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये '३ मिलिमीटरचा कण' असं लिहिलेलं असतं. सोनोग्राफीत लहान खडे आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात, आणि कधी कधी खडा नसतानाही चमकणारा ठिपका दिसतो. कंबर दुखते ती वाकून काम केल्याने, आणि खापर फुटतं त्या कणावर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे.

यंत्राला पोट असतं

महागडं यंत्र घेतलं की त्याचे हप्ते भरावे लागतात. लवचीक दुर्बीण नाजूक असते, दुरुस्ती महाग, एकदाच वापरून टाकायची घेतली तरी तिची किंमत आहेच. यंत्र पडून राहणं कुणालाच परवडत नाही. यात कुणी खलनायक आहे असं मी म्हणत नाही. मी ओळखतो ते बहुतेक युरॉलॉजिस्ट लहान खड्याला 'पाणी प्या आणि तीन आठवड्यांनी या' असंच सांगतात. पण त्यांच्याचकडून मी हेही ऐकतो की असं सांगितलं की पेशंट नाराज होऊन फलकावरच्या लेझरकडे जातो. म्हणजे ही ओढ दोन्ही बाजूंनी आहे. आपणच यंत्र मागत गेलो तर बाजार यंत्रच विकणार.

म्हणून जाहिरातीतून यंत्राचं नाव ओरडून सांगण्याला माझा विरोध आहे. त्याऐवजी प्रत्येक पेशंटला लेखी तीन ओळी मिळाव्यात. तुमच्या खड्यासाठी कोणते पर्याय आहेत, त्यातला हा का निवडला, आणि काहीच न करता थांबलो तर काय होईल. आपल्या सुश्रुतसंहितेत मूत्राशयातल्या खड्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे, आणि त्यात ही शस्त्रक्रिया करण्याआधी अधिपतीला विचारावं असं सांगितलं आहे, कारण परिणामाची खात्री नसते. आज तो अधिपती म्हणजे पेशंट स्वतः. त्याला विचारायचं तर आधी त्याला नीट सांगायला हवं.

पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियाही बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. कर्ज काढण्याआधी त्याला भेटा.

विसरलेली नळी

यंत्रांची इतकी चर्चा होते, पण ज्या साध्या वस्तूमुळे किडनी जाऊ शकते तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे डीजे स्टेंट. दोन्ही टोकांना वाकलेली, मऊ, बारीक नळी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सूज आणि तुकड्यांनी वाट अडू नये म्हणून ती अनेकदा आत ठेवतात. ती असताना वारंवार लघवीला होतं, लघवी करताना कुशीत दुखतं, लघवीला तांबूस रंग येतो. हे सहसा काळजीचं नसतं.

काळजीचं असतं ते तिचं आत राहून जाणं. नळी काही दिवसांत ते काही आठवड्यांत काढायची असते आणि सहसा तीन महिन्यांच्या वर ठेवत नाहीत. ती राहिली तर तिच्यावरच क्षारांचे थर बसतात, खडा काढायला टाकलेल्या नळीचाच खडा होतो. मग ती ओढून निघत नाही, एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया लागतात आणि काही वेळा किडनी गमवावी लागते. काही पेशंटना नळी आत आहे हेच माहीत नसतं. 'सगळं झालं' असं कुणीतरी म्हणालेलं असतं. दुखत नाही, म्हणून परत जाणं होत नाही. बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातो तो उन्हाळा लागल्यावर परततो. त्याची नळी काढायची तारीख तोडणीत हरवते.

मला विचाराल तर घरी सोडतानाच्या कागदावर पहिल्या ओळीत, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहायला हवं, 'तुमच्या शरीरात नळी आहे. ती अमुक तारखेला काढायची आहे.' सोबत नातेवाइकाचा फोन नंबर नोंदवून घ्यावा आणि दवाखान्याने आठवण करावी. याला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही, एक वही पुरते.

खडा निघाल्यावर

एकदा खडा झाला की पुढच्या दहा वर्षांत साधारण निम्म्या लोकांना तो पुन्हा होतो. कोणतंही यंत्र हे थांबवत नाही. यंत्र झालेला खडा काढतं, होणारा नाही. म्हणून निघालेला खडा किंवा त्याचा तुकडा फेकू नका. लघवी गाळणीतून गाळा, तुकडा सापडला तर कोरड्या डबीत ठेवा आणि तपासणीला द्या. तो कशाचा बनला आहे ते कळलं तर पुढचं पथ्य आणि औषध त्याप्रमाणे ठरवता येतं. आपल्याकडे हजारो रुपये खर्चून काढलेला खडा बऱ्याचदा पेशंटला दाखवून कचऱ्यात जातो. त्या खड्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट, म्हणजे माहिती, त्याच्याबरोबर जाते.

पाण्याचा हिशोब प्यालेल्या तांब्यांवरून करू नका, लघवीवरून करा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी आणि तिचा रंग फिका हवा. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार-पाच लिटर पाणीही लागू शकतं. मीठ कमी करा, लोणचं-पापड-फरसाण आवरा. दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम कमी केलं तर खडे उलट वाढतात. कुळथाचं कढण आवडत असेल तर जरूर घ्या, तेवढंच पाणी पोटात जाईल. मात्र किडनीला सूज असताना कढणाच्या भरवशावर महिने काढू नका. आणि शेतात, बांधकामावर, तोडणीवर जाणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, हेही मुतखड्याचं एक कारण आहे. त्यावरचं यंत्र म्हणजे कामाच्या जागी एक स्वच्छ संडास.

आता डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. माझा खडा किती मिलिमीटरचा आणि नेमका कुठे आहे? किडनीला सूज आहे का?
२. थांबून वाट पाहता येईल का? येत असेल तर किती दिवस?
३. कोणकोणत्या पद्धतींनी निघू शकतो? तुम्ही ही का सुचवता?
४. एका बैठकीत पूर्ण निघेल, की पुन्हा यावं लागेल? आत तुकडे राहिले का, हे कधी आणि कसं पाहायचं?
५. स्टेंट टाकणार का? काढायची तारीख कोणती?
६. खडा तपासणीला पाठवणार ना?

हे प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. या सहांची उत्तरं समाधानकारक मिळाली तर आत कोणतं यंत्र आहे, त्यावर कोणत्या कंपनीचं नाव आहे, याची चिंता त्याच्यावर सोपवा. आणि एक कायम लक्षात ठेवा, मुतखडा आणि थंडीताप एकत्र आला, लघवी पूर्ण बंद झाली किंवा एकच किडनी असलेल्या माणसाला कळ आली, तर प्रश्नांचा कागद शोधत बसू नका. जवळच्या रुग्णालयात त्याच रात्री पोचा.